बिटकॉइनमध्ये उतरण्याआधी

भाऊ, घरी मायनिंग करायचं, म्हणजे यंत्रं लावून व्यवहार नोंदवायचे आणि त्याबदल्यात नवे बिटकॉइन कमवायचे, हे डोक्यातून काढ. एप्रिल २०२४ पासून एका ब्लॉकमागे, म्हणजे व्यवहारांच्या एका गठ्ठ्यामागे, ३.१२५ नवे बिटकॉइन मिळतात, आणि ते बहुतेक मोठ्या मायनिंग कंपन्याच नेतात. जळगावच्या मे महिन्यात ती यंत्रं गार ठेवण्यातच तुझे पैसे जातील.

वापराचं म्हणशील तर चहाच्या टपरीवर यूपीआय पुरतं. बिटकॉइनच्या मूळ साखळीवर, म्हणजे ब्लॉक जोडून बनलेल्या नोंदवहीवर, साधारण १० मिनिटांनी एक ब्लॉक, सेकंदाला सातेक व्यवहार. गर्दी झाली की फी चढते. ब्लॉक मोठे करा म्हणणारे २०१७ मध्ये बिटकॉइन कॅश हे दुसरं चलन काढून वेगळे झाले. मला ते पटलं नाही. ब्लॉक फुगले की आपल्यासारख्याला घरच्या कॉम्प्युटरवर नोड, म्हणजे ही सगळी नोंदवही स्वतः ठेवून तपासणारा प्रोग्राम, चालवणं जड जातं. छोट्या रकमेला लाइटनिंग, म्हणजे मूळ साखळीबाहेर झटपट व्यवहार करणारं जाळं, बरं.

नफ्यावर ३० टक्के कर आहे, तोटा वजाही होत नाही. म्हणून कापसाच्या पट्टीचे पैसे यात घालू नको, खरिपाच्या बियाण्याला ते लागतीलच. वॉलेटचे बारा शब्द, म्हणजे तुझ्या बिटकॉइनची किल्लीच, कागदावर लिही, मोबाइलमध्ये फोटो नको. आणि महिन्यात दुप्पट करून देतो म्हणणारा भेटला, मग तो नात्यातला का असेना, एक रुपया देऊ नको.