फॉर्म सबमिट करताना फक्त ‘अवैध माहिती, पुन्हा प्रयत्न करा’ असं येतं. नेमकं काय चुकलं हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की अर्ज चार वेळा भरलात, चारही वेळा तळाशी तीच लाल ओळ आली, आणि आता आपल्यालाच हे जमत नाही असं वाटायला लागलंय. ते आधी मनातून काढून टाका. देवगडला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान आहे. रोज हेच काम करते, तरी ह्या ओळीपुढे मीसुद्धा अडकते.

गेल्या वर्षी एक आजोबा काजूच्या नुकसानीचा अर्ज भरायला आले होते. एसटीने त्यांची तिसरी खेप. सातबारा, पासबुक, आधार, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेलं. आडनाव कऱ्हाडकर धरा. मी मोबाइल नंबर पुन्हा टाकला, फोटो लहान केला, खातं क्रमांक अंक-अंक मोजून ताडून पाहिला. दरवेळी ‘अवैध माहिती’. शेवटी त्यांनीच विचारलं, “गो बाय, माझ्या नावात काय खोट आसा?” म्हणून मी नाव पुसलं, नव्याने टाइप केलं, आणि अर्ज गेला.

झालं होतं असं. कऱ्हाडमधला ‘ऱ्ह’ संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग ह. दुसरा, साधा र, हलन्त, आणि त्यापुढे अक्षरं जोडणारं एक अदृश्य चिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. ज्या फॉर्मला नावात फक्त देवनागरी अक्षरंच चालतात, तो ह्या अदृश्य चिन्हाला परकं समजून अख्खा अर्ज परत टाकतो. ते नाव आम्ही दुसऱ्या एका फाइलमधून कॉपी-पेस्ट केलं होतं, त्यातून ते चिन्ह आलं.

मला संताप ह्याचा येतो की फॉर्मला हे माहीत होतं. तपासणी रकान्यागणिक होते. कुठल्या रकान्यात, कुठल्या नियमाला अडलं, हे कळल्याशिवाय तो अर्ज नाकारूच शकत नाही. ‘नावाच्या रकान्यात न चालणारं चिन्ह आहे’ एवढं वाक्य लिहिलं असतं तर त्या माणसाच्या दोन खेपा वाचल्या असत्या. हा काही लाड नव्हे. संकेतस्थळं सगळ्यांना वापरता यावीत म्हणून डब्ल्यूसीएजी नावाचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यात २००८ पासून हे अगदी पहिल्या पायरीवर आहे: चूक आपोआप पकडली असेल तर ती कुठल्या रकान्यात आहे ते दाखवा आणि शब्दांत सांगा. आपल्याकडच्या सरकारी संकेतस्थळांची मार्गदर्शक तत्त्वंही ह्याच नियमांना धरून आहेत.

एका ठिकाणी मात्र मोघम संदेश मला पटतो. लॉगिन करताना ‘युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा’ असं येतं, त्यातलं नेमकं कुठलं ते सांगत नाहीत. सांगितलं तर कुणाचं खातं तिथे आहे हे चोरालाही कळेल. पण काजूच्या अर्जात लपवण्यासारखं काय आहे?

आता तुमचं. सबमिट केल्यावर सर्व्हर, म्हणजे संकेतस्थळ चालवणारा संगणक, उत्तर म्हणून एक तीन आकडी नंबर पाठवतो. तो पडद्यावर कुठे दिसतो का बघा. संगणकावर असाल तर एफ१२ दाबून नेटवर्क हा टॅब उघडा आणि मग सबमिट करा, तिथे तो दिसेल. नंबर ५ ने सुरू होत असेल, म्हणजे ५००, ५०२, ५०३, ५०४, तर गडबड बहुतेक त्यांच्या सर्व्हरची आहे. माहिती पुन्हा पुन्हा बदलत बसू नका, रात्री उशिरा किंवा पहाटे भरून बघा. ४१३ म्हणजे फाइल फार मोठी. ४२९ म्हणजे थोड्या वेळात फार वेळा दाबलंत, जरा थांबा. ४०० किंवा ४२२ असेल तर भरलेल्या माहितीतलं काहीतरी त्यांना चालत नाहीये. मग एकेक रकाना पुसून हाताने टाइप करा, पेस्ट करू नका. नावाच्या आधी-नंतर राहिलेली मोकळी जागासुद्धा अडवते.

तुमच्या नावात किंवा गावात ‘ऱ्ह’ किंवा ‘ऱ्य’ असेल तर सुरुवात तिथूनच करा. नाव नोटपॅडमध्ये पेस्ट करा आणि शेवटाकडून बॅकस्पेस मारत या. ह आणि हलन्त गेल्यावर टिंबवाला ऱ उरला तर ठीक. साधा र उरला तर ते अदृश्य चिन्ह तुमच्या नावात होतं. इन्स्क्रिप्ट ह्या मराठी टायपिंगच्या कीबोर्डवर शिफ्ट धरून इंग्रजी ‘J’ची कळ दाबली की टिंबवाला ऱ येतो, तो वापरून नाव पुन्हा लिहा. त्यानंतरही अडलं तर कुठला नंबर दिसतोय ते इथे कळवा, मी बघते. आधार किंवा खातं क्रमांक मात्र इथे टाकू नका.