मागे राहणाऱ्याच्या हातांकडे बघ

प्रिय दोस्ता,

तुझा आठ दिवसांचा आराखडा वाचला. रोज सकाळी माउंटन बाइकची ट्रेल, म्हणजे डोंगरातली सायकलवाट, दुपारी संग्रहालय आणि संध्याकाळी जुन्या शहरात फेरफटका. उत्साह पाहून फार बरं वाटलं, पण हा कार्यक्रम तू तुझ्या एकट्याच्या पायांच्या हिशोबानं आखला आहेस. आई, बाबा आणि धाकटी बहीण त्यात मला कुठे दिसली नाहीत.

तुझ्या वयाचा असताना मीही असंच केलं होतं. पहिल्याच दिवशी घरच्यांना निळ्या ट्रेलवर नेलं (ट्रेल किती अवघड ते तिच्या रंगावरून कळतं) आणि स्वतः पुढे सुटलो. खाली येऊन थांबलो. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला, आणि शेवटी बाबा सायकल हातात धरून चालत आले. तक्रारीचा एक शब्द नाही. रात्री एवढंच म्हणाले, "उद्या तुम्ही जा, मी सामानाजवळ थांबतो." तेव्हा कुठे माझं त्यांच्या हातांकडे लक्ष गेलं. दोन्ही हातांच्या चारही बोटांवर लाल वळ उठले होते. भाड्याच्या सायकलीची ब्रेकची लिव्हर हँडलपासून इतकी लांब होती, की ती दाबायला सगळी बोटं ताणावी लागत होती. मग हँडल धरायला उरला नुसता अंगठा. खडबडीत उतारावर अंगठ्याच्या जोरावर कोण सायकल सावरणार? लिव्हर जवळ घ्यायचा बारीक स्क्रू तिथेच असतो. ॲलन की, म्हणजे षटकोनी पाना घेऊन दोन मिनिटांचं काम होतं. मला ते येत होतं, पण मी त्यांची सायकल बघितलीच नव्हती.

म्हणून सायकली ताब्यात आल्या की लगेच ट्रेलवर धावू नकोस. एकेकाला सीटवर बसव. हँडलवरचा हात न सोडता तर्जनी लिव्हरच्या टोकाशी पोचते का ते बघ. बहिणीची बोटं लहान, तिचं आधी बघ. पुढचा ब्रेक कुठल्या हाताला आहे तेही विचारून घे. अमेरिकेत आणि युरोपच्या मुख्य भूमीवर तो सहसा डाव्या हाताला असतो, तर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये उजव्या. वर्षानुवर्षांची सवय उलटी झाली की घाबरल्या क्षणी नको तो ब्रेक करकचून दाबला जातो. सपाट जागेवर दहा मिनिटं नुसतं थांबणं-निघणं करू दे. धक्के झेलणारं हवेचं सस्पेन्शन असेल तर त्यातली हवा प्रत्येकाच्या वजनाप्रमाणे बदलून घे. तुझ्या सायकलची हवा बहिणीच्या सायकलला चालणार नाही. हेल्मेट भुवयांच्या वर साधारण दोन बोटांवर बसायला हवं. आईला ते मागे सरकवायची सवय असेल तर प्रेमानं पण ठामपणे सांग.

आता ट्रेलच्या रंगांबद्दल. तू लिहिलंस, "निळा म्हणजे सोपाच ना?" ते देशावर अवलंबून आहे. उत्तर अमेरिकेत सगळ्यात सोप्या हिरव्यानंतर निळा आणि त्यावर थेट काळा, मध्ये लाल बहुधा नसतोच. ब्रिटनमध्ये हिरवा, निळा, लाल, काळा अशी चढण आहे. त्यामुळे एकीकडचा निळा आणि दुसरीकडचा निळा यांत बराच फरक पडू शकतो. कुठेही जा, पहिला दिवस हिरव्याचा. तुला तो कंटाळवाणा वाटेल, वाटू दे. सगळ्यात मागे तू राहा. मागून बघितलं की कोण ब्रेक सोडायला घाबरतंय, कोण वळणावर आतल्या बाजूचं पेडल खाली ठेवतंय, सगळं दिसतं.

शहर आणि डोंगर जवळजवळ असले की मोह फार होतो. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला शहराच्या मध्यातून निघालं की फ्युनिक्युलर (दोरानं ओढली जाणारी डोंगरी रेल्वे) आणि केबल कारनं १,९०५ मीटरवरच्या सीग्रुबेला पोचता येतं. पण तिथून खाली येणारी ट्रेल तयारीच्या चालकांसाठी आहे. घरच्यांना तिथे वरून नजारा दाखव आणि केबल कारनंच परत आण. तुम्हा चौघांसाठी स्कॉटलंडमधलं एडिंबरा मला जास्त पटतं. तिथून दक्षिणेला पीबल्सजवळ ग्लेनट्रेस आहे, तिथे हिरव्यापासून काळ्यापर्यंत सगळं एकाच जंगलात मिळतं. तू लालवर जा, ते हिरव्यावर फिरू देत, आणि नंतर एकत्र बसा.

एका दिवसात दोन्ही कोंबू नकोस. संग्रहालयात दोन तास उभं राहणं हे ट्रेलवरून आलेल्या पायांना शिक्षाच असते. एक दिवस सायकल, एक दिवस शहर असं आलटून पालटून ठेव. शहराचा दिवस म्हणजे तळहात, मनगटं आणि बैठकीला विश्रांती, तेव्हा त्या दिवशी पायपीटही बेताची. ट्राम, नदीतली बोट, बागेतला बाक, बसून बघायच्या गोष्टी निवड. युरोपातली बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात, पॅरिसचं लूव्र मंगळवारी. सायकलीचे दिवस त्या वारांवर टाक, वाया काही जाणार नाही.

बाबांसाठी ई-बाइकचा, म्हणजे मोटरची मदत असलेल्या सायकलचा विचार चांगला आहे, फक्त ती तिथेच भाड्यानं घे. विमानात प्रवाशाला १६० वॉट-अवरपेक्षा मोठी लिथियम बॅटरी नेता येत नाही, आणि ई-बाइकची त्याच्या कितीतरी पट असते. चढावर ती बाबांना फुलासारखी वाटेल, पण उतारावर तिचं वजन जाणवतं, हे त्यांना आधीच सांगून ठेव. आणि न्यूझीलंडचा बेत अजून डोक्यात असेल तर बुटांचे तळवे ब्रशनं घासून ने. तिथे विमानतळावर वापरलेले बूट आणि सायकलचं सामान जाहीर करावं लागतं, माती दिसली तर अडवतात.

आराखडा परत लिहिण्याआधी घरात एकेकाला वेगवेगळं गाठून विचार. सगळ्यांसमोर विचारलंस तर बाबा "मला काहीही चालेल" म्हणतील, माझे म्हणाले होते तसंच. मग प्रत्येकाची उंची आणि जांघेपासून टाचेपर्यंतचं माप मला कळव. भाड्याच्या सायकलींचे साइज मी काढून देतो.

तुझा,
जुना सायकलसोबती