ध्वनिशंका : मिक्सर ते लॅपटॉप, आवाज अडतो कुठे?

गणपती जवळ आले की इंदूरच्या वाचकांची पत्रं वाढतात, आणि यंदा बहुतेक पत्रांत विषय एकच आहे. डिजिटल मिक्सर (अनेक माइकचे आवाज एकत्र जुळवणारं यंत्र) घेतला, यूएसबीची वायर लॅपटॉपला जोडली, तरी रेकॉर्डिंग मनासारखं होत नाही. त्यातले पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : राजेंद्रनगरातल्या आमच्या मंडळाकडे बेहरिंगर कंपनीचा एक्स३२ मिक्सर आहे. १६ माइक वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्यायचे आहेत. विंडोजच्या लॅपटॉपवर ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दोनच चॅनल दिसतात, आणि तेही कोरे. वायर बदलून पाहिली.

इथे दोन वेगळे घोटाळे आहेत. एकाच वेळी दोन्ही सुधारायला गेलात तर गोंधळ वाढेल, म्हणून आधी चॅनल दिसू द्या, मग त्यात आवाज आणा.

एक्स३२वर यूएसबीची दोन तोंडं आहेत. वरच्या पॅनेलवरचं पेनड्राइव्हसाठी आहे, लॅपटॉपसाठी नाही. लॅपटॉपची वायर मागच्या कार्डावरच्या चौकोनी, प्रिंटरसारख्या तोंडात जाते. मॅकला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. विंडोजवर मात्र कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर (सगळ्या चॅनलचा आवाज सॉफ्टवेअरपर्यंत पोहोचवणारा प्रोग्राम) टाकल्याशिवाय सगळे चॅनल मिळत नाहीत. ऑडॅसिटीच्या ३ क्रमांकाच्या आवृत्त्यांमध्ये एएसआयओची सोय नाही, त्यामुळे तिथे कितीही शोधलंत तरी १६ चॅनल सापडणार नाहीत. या कामाला रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर घ्या. ऑप्शन्स, प्रेफरन्सेस, ऑडिओ, डिव्हाइस या वाटेने जाऊन एएसआयओ निवडा आणि पहिला इनपुट १, शेवटचा ३२ करा. मिक्सरच्या सेटअपमध्ये 'कार्ड' पानावर ३२ आत, ३२ बाहेर आहे ना, तेही पाहून घ्या.

आता कोरेपणाचं. लॅपटॉपकडे काय जायचं ते मिक्सरच्या 'रूटिंग'मधलं 'कार्ड आउट' हे पान ठरवतं, आठ-आठच्या गटांत. माइक थेट मिक्सरच्या मागे लावले असतील तर पहिल्या गटाला 'लोकल १-८' आणि दुसऱ्याला 'लोकल ९-१६' द्या. पण माइक स्टेजवरच्या पेटीतून, म्हणजे स्टेजबॉक्समधून येत असतील तर तिथे 'एईएस५० ए १-८' आणि 'एईएस५० ए ९-१६' हवं (एईएस५० म्हणजे स्टेजबॉक्सची वायर मिक्सरला लागते ते तोंड). सगळ्यात जास्त लोक अडतात ते इथेच. स्पीकरवर सगळं छान ऐकू येतं, कारण इनपुट बरोबर जोडलेले असतात. कार्डाला मात्र मिक्सरच्या मागच्या रिकाम्या जॅकचा आवाज जात राहतो. इतकं करूनही मीटर हलला नाही तर विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये मायक्रोफोनची परवानगी बंद आहे का बघा. मॅकवरही तीच परवानगी अडवते आणि कुठलीही सूचना न देता कोरा ट्रॅक तयार होतो.

शेवटी एक-एक माइकच्या जाळीवर नखाने हलकेच खरवडा आणि कोणता ट्रॅक हलतो ते बघून त्याला लगेच नाव द्या : तबला, डग्गा, पेटी, मुख्य गायक. या मार्गाने जाणारा आवाज प्रीअँपनंतर (माइकचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या भागानंतर) लगेच उचललेला असतो, म्हणून फेडर (आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी) वरखाली केल्याने रेकॉर्डिंगवर काही परिणाम होत नाही. गेन (प्रीअँपने आवाज किती वाढवायचा ते ठरवणारं बटण) मात्र फिरवलात तर ट्रॅकमध्ये आवाज एकदम उडी मारतो. गेन तालमीतच ठरवा, सगळ्यात मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहील असा, आणि कार्यक्रमात फक्त फेडरवर काम करा.

प्रश्न : सुदामानगरातल्या घरगुती बैठकीचं रेकॉर्डिंग केलं. गायिका पांढरी सहामध्ये गायल्या होत्या. घरी ऐकलं तर आवाज उतरलेला, जड आणि लय रेंगाळलेली. फाइल खराब झाली का?

फाइल शाबूत आहे, काळजी करू नका. मिक्सर आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने (क्षणाक्षणाची मोजमापं) पाठवत होता आणि लॅपटॉपने फाइलवर ४४,१०० असा शिक्का मारला. त्यामुळे एका तासाची बैठक ६५ मिनिटं १८ सेकंदांची होते आणि सूर जवळजवळ दीड अर्धस्वर खाली येतो. पांढरी सहाचा षड्ज काळी चार आणि पांढरी पाच यांच्या मध्ये कुठेतरी लटकतो. खात्री करायची तर ट्यूनर लावा. २२० हर्ट्झ दिसायला हवा तिथे २०२च्या आसपास दिसला, तर दुखणं हेच.

ऑडॅसिटीत ट्रॅकच्या नावाजवळचा मेन्यू उघडून 'रेट' ४८,००० करा, खाली प्रोजेक्टचा दरही ४८,०००च ठेवा आणि नवी फाइल काढा. 'रिसॅम्पल'ला हात लावू नका. तो आवाज आहे तसा चुकीच्या सुरातच नव्या दरात पुन्हा लिहितो. पुढच्या वेळी मिक्सर, ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअर या तिन्ही ठिकाणी ४८,००० आहे हे आधी पाहा. व्हिडिओसाठीही हाच दर चालतो, त्यामुळे ४४,१००च्या नादी लागण्याचं कारण उरत नाही.

प्रश्न : रेकॉर्डिंगमध्ये मधूनच 'टिक' असा आवाज येतो. हॉलमध्ये ऐकू येत नाही, हेडफोनवर मात्र स्पष्ट येतो.

उस्ताद अमीर खाँ यांच्या इंदूर घराण्याची अतिविलंबित गायकी आठवा. १४ मात्रांच्या झुमऱ्यात दोन स्वरांमधली शांतता हाही गाण्याचाच भाग असतो, आणि त्या शांततेत पडलेली एक टिक सगळं आवर्तन बिघडवते. ढोल-ताशाच्या रेकॉर्डिंगमध्ये ती कुणाला कळणारही नाही. म्हणून या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर देत आहोत.

आधी टिक कशी येते ते ऐका. ठरावीक अंतराने येत असेल तर संशय घड्याळावर, म्हणजे नमुन्यांचा वेग ठरवणाऱ्या क्लॉकवर घ्या. मिक्सरचा क्लॉक 'इंटर्नल' असावा आणि स्टेजबॉक्सने त्याच्यामागे चालावं. दोघं आपापल्या घड्याळाने चालले तर नमुने अधूनमधून निसटतात. वायर हलवली की टिक येत असेल तर वायरच दोषी. यूएसबी २.० ची साधी वायर ५ मीटरपेक्षा लांब चालत नाही. जेल रोडवर १० मीटरची वायर मिळाली म्हणून ती घेऊ नका. लॅपटॉपच मिक्सरशेजारी ठेवा आणि मध्ये हब घालू नका.

टिक अनियमित असेल तर कारण लॅपटॉपमध्ये आहे. ड्रायव्हरचा बफर (एका वेळी किती नमुने साठवून पुढे द्यायचे तो आकडा) २५६ वरून १०२४ करा. त्याने सुमारे २१ मिलिसेकंदांचा उशीर होतो, पण कलाकार मॉनिटर मिक्सरवरूनच ऐकतात, त्यांना तो जाणवत नाही. पॉवर ऑप्शन्समध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा. हा पर्याय दिसत नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक 'यूएसबी रूट हब'च्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्याची खूण काढा. वायफाय आणि ब्लूटूथ कार्यक्रम संपेपर्यंत बंद ठेवा. तरीही टिक राहिली तर 'लेटन्सीमॉन' हा मोफत प्रोग्राम दहा मिनिटं चालवा, कोणता ड्रायव्हर अडवतोय ते तो नावासकट दाखवतो. बरेचदा तो वायफायचाच निघतो.

प्रश्न : चार्जर लावला की स्पीकरमधून घूंऽऽ येते, काढला की थांबते. ओळखीच्या वायरमनने अर्थची पिन काढायला सांगितलं.

ती पिन काढू नका. गायकाचे ओठ माइकच्या धातूच्या जाळीला लागतात. अर्थ तोडलेल्या उपकरणात बिघाड झाला तर तो करंट त्या जाळीवर येऊ शकतो. रेकॉर्डिंग वाया गेलं तर पुन्हा करता येतं, जीव परत येत नाही.

यूएसबीच्या वायरमधून आवाजाच्या आकड्यांसोबत लॅपटॉपची ग्राउंडही मिक्सरला जोडली जाते. चार्जर एका भिंतीवरच्या सॉकेटमध्ये आणि मिक्सर दुसऱ्या टोकाच्या बोर्डावर असेल तर दोन अर्थमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक असतो. तो फरक वायरमधून वाहतो आणि मिक्सरच्या ॲनालॉग भागात ५० हर्ट्झची घूं बनतो. दोन पिनांच्या चार्जरमधून थोडा करंट तसाही झिरपतो; तेव्हा घूंऐवजी बारीक किणकिण येते, आणि माउस हलवला की ती बदलते.

मिक्सर, लॅपटॉप आणि ॲम्प्लिफायर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आणा. बहुतेक वेळा काम इथेच होतं. मांडवात असाल तर वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजून घ्या. २-३ व्होल्टपेक्षा जास्त आला तर अर्थिंगच नीट करून घ्यावं लागेल. कार्यक्रम छोटा असेल तर पूर्ण चार्ज करून बॅटरीवर घ्या.

यूएसबी आयसोलेटर (लॅपटॉप आणि मिक्सरची ग्राउंड वेगळी ठेवणारं उपकरण) विकत घेताना सांभाळा. स्वस्त आयसोलेटर सेकंदाला १२ मेगाबिटवर थांबतात. २४ बिट आणि ४८,००० दराने ३२ चॅनलना जवळपास ३७ मेगाबिट लागतात, म्हणून त्यावर मोठा मिक्सर दिसणारच नाही किंवा मध्येच तुटेल. ४८० मेगाबिटचा हायस्पीड आयसोलेटर मागा. लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून मिक्सरला गाणी देत असाल तर तिथे आयसोलेटरऐवजी ग्राउंड लिफ्ट (फक्त आवाजाच्या वायरमधली ग्राउंड तोडणारं बटण) असलेला डीआय बॉक्स, म्हणजे असा आवाज मिक्सरला जुळवून देणारी छोटी डबी, लावा.

प्रश्न : ३२ चॅनलचं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर सुमारे १५ मिनिटांनी थांबतं.

सगळे चॅनल एकाच फाइलमध्ये जात आहेत आणि पेनड्राइव्ह एफएटी३२ प्रकारात फॉरमॅट केलेला आहे. त्यावर एका फाइलला ४ जीबीची मर्यादा असते. ३२ चॅनल सेकंदाला ४.६ एमबी खातात, म्हणजे साडेपंधरा मिनिटांत फाइल भरते. प्रत्येक चॅनलची फाइल वेगळी ठेवा आणि रेकॉर्डिंग लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवर करा. एका चॅनलला तासाला ५१८ एमबी लागतात, म्हणून १६ चॅनलच्या तीन तासांच्या मैफलीला २५ जीबी. सुरुवातीला ४० जीबी मोकळी ठेवा, आणि पेनड्राइव्हवर नकल मैफल संपल्यावर करा.