मणक्यात गॅप आहे, म्हणून वाकायचंच नाही का?

निपाणी, संकेश्वर, चिकोडीकडच्या बायका पाठदुखीसाठी माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकींच्या तोंडी एकच भीती असते. ‘मणक्यात गॅप हाय म्हणत्यात, आता काम सोडू काय?’ विड्या वळणाऱ्या पन्नाशीतल्या एका मावशींनीही हेच विचारलं. कमरेचा एक्स-रे फोटो काढल्यापासून त्यांनी वाकणंच बंद केलं होतं. घागर सून उचलायची. दुपारभर त्या आडव्या पडायच्या आणि उठताना कंबर आणखी धरायची.

काही सांगण्याआधी मी नेहमीची चौकशी केली. पायातली ताकद कमी होतेय का? लघवी-संडासवरचा ताबा सुटलाय का? बैठकीची जागा बधीर झालीय का? ताप, विनाकारण वजन घटणं, रात्री झोपू न देणारी कळ? यातलं काहीही असेल तर व्यायामाच्या नादी न लागता आधी डॉक्टर गाठायचा. पहिल्या तीनपैकी एखादं असेल तर त्याच दिवशी. मावशींना यातलं काहीच नव्हतं.

मग म्हटलं, ‘मावशी, वय झालं की केस पिकतात, तशी दोन मणक्यांमधली चकतीही झिजते. जिची कंबर कधी दुखली नाही, तिच्याही फोटोत असा गॅप दिसतो.’ त्यांना ते लगेच पटलं नाही, आणि पटावं अशी घाईही मी केली नाही. फोटोतल्या गॅपपेक्षा मला त्यांच्या बसण्याची जास्त काळजी वाटत होती.

म्हणून त्यांना सूप घेऊन बसायला सांगितलं. मांडी घातलेली, मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, मान खाली, कमरेची पार कमान झालेली. दोरा बांधताना खांदेही पुढं यायचे. मजुरी हजार विड्यांमागे मिळते, त्यामुळे मधे उठणं म्हणजे पैसे बुडणं, हा त्यांचा हिशेब. तो खोटा नाही. ‘दर अर्ध्या तासाने उठा’ असं घड्याळ दाखवून सांगितलं असतं, तर त्यांनी मान डोलावली असती आणि घरी जाऊन काहीच केलं नसतं.

म्हणून खूण कामातलीच धरली. 25 विड्यांच्या दोन जुड्या बांधून झाल्या की उभं राहायचं, तळहात कमरेवर ठेवून हळूच मागं झुकायचं, पाच वेळा. अर्धं मिनिटही लागत नाही. बसताना ढुंगणाखाली घडी घातलेली वाकळ, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा खाली राहतात आणि पाठ आपोआप सरळ होते. पाठीमागे भिंत. मांडी बदलत राहायचं, कधी एक पाय लांब.

सकाळी उठल्या उठल्या खाली वाकून झाडणं किंवा जड उचलणं मी थोडा वेळ टाळायला सांगते. रात्रभर चकतीत पाणी भरलेलं असतं, त्या वेळी वाकलं की ताण जास्त येतो. आधी चहा, थोडं चालणं, मग केरवारा. घागर उचलायची तर गुडघ्यात वाकून, अंगाजवळ धरून.

रात्री अंथरुणावर दोनच व्यायाम दिले. उताणं झोपून एकेक गुडघा छातीशी आणायचा, आणि पाय दुमडून कंबर वर उचलून धरायची. दुसरा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. नुसत्या ताणाने बरं वाटतं, पण कंबर सांभाळतात ते नितंबांचे आणि पोटाचे स्नायू, त्यांना काम मिळालं पाहिजे. शिवाय रोज संध्याकाळी वीसेक मिनिटं चालणं. कमरेचा पट्टा सोडायला त्या तयार नव्हत्या, तेव्हा तो फक्त प्रवासाला ठेवला.

साधी कंबरदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत उतरते, पण सवयी त्याच राहिल्या की पुन्हा उलटते. मावशींचंही तसंच झालं. सणासुदीच्या घाईत उभं राहणं सुटलं आणि कंबर पुन्हा बोलू लागली. या वेळी मात्र त्या आडव्या पडल्या नाहीत. ‘कळ आली, पर भ्याले न्हाई. चालत ऱ्हायले,’ म्हणाल्या. घागर आता त्या स्वतः भरतात, आणि शेजारणीलाही ढुंगणाखाली वाकळ घ्यायला लावतात.