बोर्ड गेला म्हणतात, मग बाकीचं काय?

प्रश्न: आम्ही डिचोलीला राहतो. ऑक्टोबरात एका संध्याकाळी वीज कडाडली आणि कॉम्प्युटर जो बंद पडला तो परत चालूच झाला नाही. चौथ्या जनरेशनचा आय-थ्री आहे, २०१४ ला घेतलेला. दुकानवाला म्हणतो बोर्ड गेला, नवीनच घ्या. भंगारवाला किलोच्या भावाने मागतो. सासरे म्हणतात कशाला हात लावू नका, गावच्या जत्रेसाठी त्यांनी लिहिलेली नाटकं त्यात आहेत. शिवाय जुना लॅपटॉप आहे, बॅटरी फुगून टचपॅड वर आलाय, आणि माळ्यावर एक जाडा डबा मॉनिटर. काय दुरुस्त करू, काय विकू, काय टाकू?

उत्तर: ताई, आधी सासऱ्यांचं ऐका. कॉम्प्युटर मेला म्हणजे हार्डडिस्क मेली असं नसतं. ती काढायला सांगा, आणि यूएसबीचा डॉक किंवा केस (डिस्क बसवून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायचा डबा) लावून दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. डेस्कटॉपची साडेतीन इंची डिस्क नुसत्या यूएसबीवर चालत नाही, वेगळा अडॅप्टर असलेलाच डॉक लागतो. नाटकं दोन ठिकाणी कॉपी करून ठेवा, मग बाकीचं बोलू. डिस्क फिरताना टकटक आवाज करत असेल तर मात्र लगेच बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्यालाच दाखवा, परत परत चालू करून बघायच्या नादात जे वाचलं असतं तेपण जातं.

आता बोर्ड, म्हणजे ज्यावर प्रोसेसर-रॅम बसतात तो मदरबोर्ड. "बोर्ड गेला" हे ऐकायला सोपं असतं म्हणून मी त्यावर लगेच विश्वास ठेवत नाही. विजेने सगळ्यात आधी मार खातो तो एसएमपीएस, म्हणजे तो पॉवर सप्लायचा डबा. दुकानवाल्याला सरळ सांगा की दुसरा चालू एसएमपीएस लावून माझ्यासमोर ऑन करून दाखव. झाला चालू, तर तेवढाच बदला (तो डबा घरी उघडू नका हां, प्लग काढल्यावरही आत चार्ज राहतो). दुसरी गोष्ट, वीज कधीकधी इंटरनेटच्या वायरीतून आत शिरते आणि फक्त लॅन पोर्ट (ती वायर लावायची खाच) उडतो, बाकी बोर्ड ठणठणीत. तसं असेल तर यूएसबीचा लॅन अडॅप्टर लावला की काम झालं, त्यासाठी कोणी बोर्ड बदलत नाही. आणि रॅम काढून तिचे पिवळे दात खोडरबराने पुसून परत बसवायला सांगा, आपल्याकडच्या दमट हवेत नुसत्या त्या काळेपणामुळे स्क्रीन येत नाही असं बऱ्याचदा होतं.

एवढं करूनही नाही उठला तर बोर्ड हातात घ्या आणि नीट बघा. प्रोसेसरच्या आजूबाजूला छोट्या नळकांड्या असतात, कपॅसिटर, त्यांचं डोकं सपाट पाहिजे. दोन-चार फुगलेत आणि बाकी बोर्ड स्वच्छ आहे, तर चिप लेव्हलवाला, म्हणजे बोर्डावरचे सुटे भाग बदलणारा कारागीर, ते बदलून देईल. पण पिनांवर हिरवा नाहीतर पांढरा थर चढलाय, स्क्रू गंजलेत, तर माझ्या मते त्या बोर्डावर रुपया घालू नये, कारण आज एक जागा दुरुस्त केली तरी पुढच्या पावसाळ्यात दुसरी जाणार. कळंगुट-कोलव्याला खाऱ्या वाऱ्याने हे लवकर होतं, तुम्ही आत आहात म्हणून थोडं उशिरा, एवढाच फरक.

दुसरा बोर्ड घालायचा का? त्या प्रोसेसरला चालणारे एच-८१ बोर्ड अजून मिळतात. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय आणि विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्ट आठव्या जनरेशनपासूनचा इंटेल मागतं. सासऱ्यांना नुसतं मराठी टाइप करायचंय आणि घरात कोणी लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) टाकून देणारं आहे, तर घाला बोर्ड, सोबत एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) टाका, मजेत चालेल. मुलांच्या कॉलेजसाठी पाहिजे असेल तर तोच पैसा जरा नव्या जनरेशनच्या सेकंडहँड मशीनला लावा.

विकायचं झालं तर अख्खा कॉम्प्युटर भंगारात घालू नका, सुटं विका. चालू रॅम, प्रोसेसर, कॅबिनेट, कीबोर्ड, ज्यांच्याकडे त्याच वयाची मशीन आहे ते शोधत असतात. श्रीमंत होणार नाही तुम्ही, पण किलोच्या भावापेक्षा बरं. हार्डडिस्क विकू नका असंच मी सांगेन. विकायचीच असेल तर क्विक फॉरमॅट पुरत नाही, पूर्ण डिस्कवर ओव्हरराइट करावं लागतं, म्हणजे जुन्या डेटावर दुसरं काहीतरी लिहून तो पुसावा लागतो. (एसएसडीला ती पद्धत भरवशाची नाही, तिला कंपनीच्या सॉफ्टवेअरमधलं सिक्युअर इरेज वापरतात.)

लॅपटॉपचं मात्र आजच बघा, बाकी सगळं थांबू शकतं. फुगलेली लिथियम बॅटरी चार्ज करायची नाही, दाबायची नाही, टोचून हवा काढायची तर अजिबातच नाही. दुकानात काढून घ्या, तोवर लॅपटॉप बंद करून कागद-कपड्यांपासून लांब ठेवा. सुक्या कचऱ्याच्या पिशवीत ही टाकलीत आणि गाडीत दाबली गेली तर आग लागते. भंगारअड्ड्यांना लागलेल्या आगींच्या बातम्या आपण गोव्यात वाचतोच. नवीन बॅटरी घालून लॅपटॉप चालला तर ठेवा, आधी जुनी बाहेर काढा.

डबा मॉनिटर कोणी विकत घेणार नाही. त्याच्या काचेत शिसं असतं, म्हणून फोडून तांबं काढणाऱ्याला देऊ नका. वायरी जाळून तांबं काढणाऱ्यालाही नको, तो धूर विषारी असतो. हा मॉनिटर, मेलेला बोर्ड आणि बॅटरी, तिन्ही ई-कचऱ्यात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार जुन्या मालाची जबाबदारी कंपन्यांवर आहे, तेव्हा ब्रँडच्या साइटवर कलेक्शन सेंटर बघा, नाहीतर पालिकेत ई-कचरा वेगळा कधी घेतात ते विचारा. घेणाऱ्याकडे प्रदूषण मंडळाची नोंदणी आहे का हे विचारायला लाजू नका.

प्रश्न: यूपीएस दोन मिनिटांत बंद पडतो. टाकून देऊ? (फोंडा)

उत्तर: नको हो! बहुतेक वेळा आतली १२ व्होल्टची बॅटरीच संपलेली असते, यूपीएस चांगला असतो. जुनी बॅटरी घेऊनच दुकानात जा, शिशाची असते म्हणून तिचे पैसे नवीनच्या किमतीतून कापून मिळतात.