एकाच घरातल्या तीन मुलांसाठी सरकारची पाच-सहा खाती. त्यांचा मेळ नक्की कोण घालतं?

तुम्ही लिहिलेलं तुमच्या शेजारणीचं घर माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. नवरा गेलेली आई, धाकटी अंगणवाडीत, मधला चौथीत आणि थोरला सतरा वर्षांचा, दहावीनंतर घरी बसलेला. महाराष्ट्र सरकारची इतकी खाती या एका घराशी जोडलेली आहेत, तर ती एकमेकांशी बोलतात का, असं तुम्ही विचारलंय. मी 19 वर्षं ग्रामीण भागात अंगणवाडी पर्यवेक्षिका होते (जुनी माणसं आम्हाला अजून मुख्यसेविका म्हणतात). माझा अनुभव असा की दोन खात्यांच्या हातात मुलांच्या नावांची एकच यादी असली की ती बोलतात. याद्या वेगळ्या असल्या की बैठका कितीही होऊ देत, मूल मधल्या फटीतून निसटतं.

आधी तुमच्या या घराची खाती मोजू. धाकटीचा आहार महिला व बाल विकास विभागाकडे, तिची लस आरोग्य विभागाकडे. मधल्याची शाळा आणि शाळेतलं जेवण शालेय शिक्षणाकडे. तो आश्रमशाळेत असता तर आदिवासी विकास विभाग आला असता, आणि दिव्यांग असता तर 2022 अखेर स्थापन झालेला स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग. थोरल्याच्या आयटीआयचं कौशल्य विकास बघणार. आईचं रेशन पुरवठा खात्याकडे आणि संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कचेरीत.

बाहेरच्या माणसाला माहीत नसलेली एक गोष्ट इथे सांगते, कारण लोक सगळ्यात जास्त इथेच चुकतात. महिला व बाल विकास हे एकच खातं असलं तरी त्याच्या दोन वेगळ्या साखळ्या आहेत. अंगणवाड्यांचं आयुक्तालय नवी मुंबईत, तर बालगृहं, बालसंगोपन (पालक गमावलेल्या मुलांना घरीच दरमहा मदत), दत्तक, बालविवाह या कामाचं आयुक्तालय पुण्यात. जिल्ह्यालाही तसेच दोन अधिकारी. जिल्हा परिषदेतले महिला व बालकल्याणचे उपमुख्य कार्यकारी अधिकारी अंगणवाड्या बघतात आणि जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी संरक्षणाचं काम बघतात. दोघांची कार्यालयं बहुधा वेगळ्या इमारतींत असतात. बालसंगोपनाची चौकशी करायला जिल्हा परिषदेत जाऊन रिकाम्या हाताने परतलेल्या किती बाया मी पाहिल्या आहेत!

आता गावात काय होतं ते बघा. अंगणवाडीची योजना 1975 मध्ये सुरू झाली तीच मुळी सहा सेवांची. त्यातल्या लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा (म्हणजे आजारी मुलाला मोठ्या दवाखान्यात पाठवणं) या तीन सेवा आरोग्य खात्यानेच द्यायच्या आहेत. म्हणजे दोन खात्यांनी मिळून काम करणं ही योजनेची अटच आहे. प्रत्यक्षात हा मेळ तीन बाया घालतात. अंगणवाडीची सेविका, आशा म्हणजे गावातली आरोग्य स्वयंसेविका, आणि एएनएम म्हणजे आरोग्य खात्याची नर्स, जिला आम्ही सिस्टर म्हणतो. महिन्यातून एक दिवस ग्राम आरोग्य व पोषण दिवस असतो. आशा घरोघरी जाऊन बाळंतिणी आणि लेकरं गोळा करते, सेविका वजन-उंची घेते, सिस्टर लस देते. सेविकेला मानधन बाल विकासकडून मिळतं, आशाला कामागणिक मोबदला आरोग्याकडून, सिस्टर पगारी. तिघींचे साहेब वेगळे आणि वह्याही वेगळ्या. त्या वह्यांमधली नावं जुळत नसतील तर तो दिवस नुसता हजेरीचा होतो.

माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्या देखरेखीखालच्या भागात, 24 अंगणवाड्या होत्या. दर महिन्याला मी तिघींना ओट्यावर शेजारी बसवायची आणि तिन्ही वह्या उघडायला लावायची. एका वहीत असलेलं आणि दुसऱ्या वहीत नसलेलं मूल शोधायचं, एवढंच काम. पहिल्यांदा हे केलं तेव्हा एका वस्तीवर अकरा मुलं अशी निघाली. मला त्या रात्री झोप लागली नाही. ती मुलं रोज आमच्या डोळ्यांसमोर खेळत होती, फक्त त्यातल्या एकाचंही नाव तिन्ही वह्यांत नव्हतं.

तरीही एक मूल माझ्या हातून सुटलंच. दोन वर्षांची मुलगी होती, दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली, म्हणजे सॅम, तीव्र कुपोषित. आम्ही तिला ग्राम बाल विकास केंद्रात घेतलं. अंगणवाडीतच दिवसातून अनेकदा थोडं थोडं खाऊ घालून वजन वाढवायची ती सोय असते. वजन हलायला लागलं होतं. दसरा झाला आणि घर ऊसतोडीला निघून गेलं. सेविकेने वहीत शेरा मारला, ‘स्थलांतरित’. आमच्या दृष्टीने ती गेली आणि ज्या गावच्या फडात ती पोहोचली तिथल्या अंगणवाडीच्या दृष्टीने ती आलीच नव्हती. चैत्रात परतली तेव्हा आधीपेक्षा वाळलेली होती. सुदैवाने पोषण पुनर्वसन केंद्रात ती सावरली. आता विभागाने स्थलांतर करणाऱ्या माता-मुलांचा माग ठेवणारी संगणकीय नोंद सुरू केली आहे, म्हणजे मूल जिथे जाईल तिथल्या अंगणवाडीला ते कळावं. मला ही गोष्ट कित्येक मोठ्या योजनांपेक्षा मोलाची वाटते.

वरच्या पातळीवर हा मेळ कधी जमला का? जमला, दोनदा तरी. 2005 मध्ये राज्याने राजमाता जिजाऊ मिशन सुरू केलं, तेव्हाच्या औरंगाबादेतून. देशातलं एखाद्या राज्याचं हे पहिलं पोषण मिशन. आरोग्य आणि बाल विकास या दोन खात्यांना एकत्र बसवणं आणि पहिल्या दोन वर्षांच्या वयावर लक्ष ठेवणं हे त्याचं मुख्य काम होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे राज्यातल्या पाच वर्षांखालच्या खुज्या, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या, मुलांचं प्रमाण 2005-06 मध्ये 46 टक्के होतं, ते 2015-16 मध्ये 34 टक्क्यांवर आलं. सगळं श्रेय मिशनचं असं मी म्हणणार नाही, त्या दहा वर्षांत रस्ते, उत्पन्न, मुलींचं शिक्षण सगळंच बदललं. पण एकत्र काम करण्याचा त्यात वाटा होता हे मी जवळून पाहिलंय. आणि पुढचा आकडाही सांगायला हवा. 2019-21 च्या पाहणीत हे प्रमाण 35 टक्के, म्हणजे जागच्या जागी. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली मुलं 2015-16 आणि 2019-21 या दोन्ही पाहण्यांत सुमारे 26 टक्के. हे वाचताना माझ्या पोटात तुटतं.

दुसरी वेळ कोविडची. मे 2021 मध्ये प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमलं गेलं. पोलीस, जिल्हा परिषद, आरोग्य, बालकल्याण समिती (आधाराची गरज असलेल्या मुलांबाबत आदेश देणारी जिल्ह्याची समिती), विधी सेवा प्राधिकरण, सगळे त्यात. पालक गमावलेल्या मुलांची नावानिशी यादी आली आणि घरभेटी झाल्या. दोन्ही पालक गेलेल्या मुलांच्या नावे राज्याने 5 लाखांची मुदत ठेव ठेवली. हे जमलं कारण जिल्हाधिकारी एकाच वेळी या सगळ्या खात्यांना उत्तर विचारू शकतात. बालन्याय कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनेही जिल्हा बाल संरक्षण कक्षावर देखरेखीची जबाबदारी जिल्हादंडाधिकाऱ्यांवरच टाकली आहे. म्हणून कायद्याच्या भाषेत तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येईल: जिल्हाधिकारी. पण त्यांच्या टेबलावर पीकविमा, निवडणुका, पाणीटंचाई हेही असतं. साथ ओसरली की मुलांची यादी फायलीत जाते.

शहरात तर हा एक मालकही नसतो. अंगणवाडी राज्याच्या नागरी प्रकल्पाची आणि दवाखाना महापालिकेचा. जिल्हा परिषदेत निदान मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांपाशी दोन्ही धागे येतात, शहरात तेही नाही.

थोरल्याबद्दल लिहिताना मात्र माझा हात अडखळतो, कारण सगळ्यात मोठी फट त्याच्याच वयात आहे. शिक्षणाचा मोफत व सक्तीचा हक्क चौदाव्या वर्षी संपतो. अठरापर्यंत तो कायद्याने बालक आहे, पण शाळेच्या पटावर नाही, अंगणवाडीचा प्रश्नच नाही. क्रीडा व युवक सेवा, कौशल्य विकास, आरोग्य या सगळ्यांकडे त्याच्यासाठी काही ना काही आहे आणि कुणाकडेच त्याचं नाव नाही. बालगृहात वाढलेल्यांसाठी निदान एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बालगृह सोडल्यानंतरच्या आधाराची, सोय आहे, अनाथांसाठी शिक्षण-नोकरीत 1 टक्का आरक्षण 2018 पासून आहे. आईजवळ राहणाऱ्या, शाळा सुटलेल्या पोराला शोधत कुणी येत नाही. माझ्या हातात असतं तर गावात सेविकेसारखं एक माणूस फक्त चौदा ते एकवीस वयाच्या मुलामुलींसाठी नेमलं असतं.

आता तुमच्या शेजारणीसाठी. तिने पहिल्यांदा अंगणवाडी सेविकेला भेटावं, कारण धाकटीची नोंद तिच्याकडे आहेच आणि घरही तिला ठाऊक असतं. मग क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचा अर्ज करावा. वडील गेलेल्या मुलांना ही योजना लागू होते आणि 2023 पासून दरमहा 2250 रुपये मिळतात, वयाची अट अठरापर्यंत. तेव्हा सतरा वर्षांच्या थोरल्याचाही अर्ज लगेच करा, त्याचे महिने निघून चाललेत. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यायचा, घराची चौकशी होते आणि आदेश बालकल्याण समिती देते. वडिलांचा मृत्यू दाखला, आधार, रेशन कार्ड, रहिवासी दाखला, मुलांचे शाळेचे दाखले आणि बँक पासबुक यांच्या तीन-तीन प्रती काढून ठेवा. निराधार योजनेचा अर्ज तहसीलला वेगळा द्यावा लागतो, पण बहुतेक कागद तेच.

अडलं तर 1098 ला फोन करा. 1996 मध्ये मुंबईत सुरू झालेली ही मुलांसाठीची हेल्पलाइन आता सरकारच चालवतं आणि तुमच्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाशी ती तुम्हाला जोडून देते. फोन शेजाऱ्याने केला तरी चालतो. आणि अर्ज दिल्यावर पोच घ्यायला विसरू नका, त्यावर आवक क्रमांक आणि तारीख आहे ना ते तिथेच उभं राहून बघा.