मग मीच त्याची समजूत घालते

प्रश्न : ताई, ७ महिन्यांपूर्वी नवऱ्याच्या फोनवर मेसेज दिसले आणि ऑफिसमधल्या एका बाईशी वर्षभर चाललेलं सगळं बाहेर आलं. त्याने ते थांबवलं, माफीही मागितली. पण मी रात्री काही विचारलं की तो उठून गॅलरीत जातो, नाहीतर "मी आहेच नालायक" म्हणत रडतो. मग मीच त्याची समजूत घालते. परवा म्हणाला, "अजून किती दिवस तेच?" माझं चुकतंय का?

उत्तर : नाही. अशा धक्क्याला ७ महिने काहीच नाहीत. वर्ष उलटल्यावरही फोन वाजला की पोटात गोळा येणाऱ्या बायका (आणि पुरुषही) माझ्यासमोर बसलेल्या आहेत.

तुमचं एक वाक्य मी दोनदा वाचलं, "मग मीच त्याची समजूत घालते." म्हणजे जखम तुमची आणि मलमपट्टी त्याला! "मी नालायक" म्हणणारा माणूस स्वतःच्याच लाजेत बुडालेला असतो, तुमचं दुखणं त्याला तिथून दिसत नाही. त्याला तुमचं काही वाटत नाही, असं मी म्हणणार नाही. पण पुढच्या वेळी तो रडला की जवळ घेऊ नका. "तुझं नंतर ऐकते, आत्ता माझं ऐक," एवढंच म्हणा.

आता गॅलरी. जॉन गॉटमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने जोडप्यांना वाद घालायला बसवून त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले होते. ते मिनिटाला १००च्या वर गेले की समोरच्याचं बोलणं डोक्यात शिरत नाही, आणि शांत व्हायला निदान २० मिनिटं लागतात, असं ते सांगतात. तेव्हा त्याला खुशाल जाऊ द्या. फक्त "अर्ध्या तासात येतो" असं सांगून जायचं आणि न बोलावता परत यायचं. न सांगता उठून जाणं म्हणजे तुमच्यासाठी पुन्हा तेच, टाकून जाणं.

झोपायच्या वेळी हा विषय नको. आठवड्यातले दोन दिवस ठरवा, अर्धा-अर्धा तास. त्यातल्या एका दिवशी सुरुवात त्यानेच करायची. हे त्याला जड जाईल, तरी हट्ट धरा. सगळं तुम्हीच आठवायचं आणि तुम्हीच काढायचं, यानेच तुम्ही जास्त थकला आहात.

ती बाई अजून त्याच ऑफिसात आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल, तर ज्या दिवशी तिच्याशी बोलणं होईल त्याच दिवशी, तुम्ही विचारण्याआधी, त्याने ते सांगायला हवं. पहिल्या बैठकीत हेच काढा.